प्रज्ञानवरचं लिब्स समुद्राच्या तळाला का नेत नाहीत?

मध्येच वाचायला आलेल्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत लिहितो. विचारणारे एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांचं म्हणणं असं की चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर लिब्स होतं, म्हणजे लेझर मारून ठिणगी पाडायची आणि तिच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखायची, त्याने २०२३ मध्ये चंद्राच्या मातीत सल्फर दाखवलं. मग तेच यंत्र भक्कम डब्यात घालून हिंदी महासागराच्या तळाला नेलं तर तिथल्या नोड्यूलमधलं (तळावर पडलेले धातूयुक्त गोळे) निकेल-कोबाल्ट जागच्या जागी मोजता येईल की, वर आणायची भानगडच नको. हे कोणी करत का नाही, आणि पीएचडीला हा विषय घ्यावा का.

प्रश्न चांगलाय, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः पंधराएक वर्षांपूर्वी साधारण याच समजुतीने या कामात आलो. मी पाण्याखालच्या रामन स्पेक्ट्रोमीटरवर (हेही लेझरचंच यंत्र, पण रेणू ओळखणारं, पुढे सांगतो) काम करतो, लॅबमध्ये कमी आणि जहाजाच्या डेकवर हातात पाना घेऊन जास्त. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात पुस्तकातलं थोडं आणि हात भाजून शिकलेलं बरंच आहे. लिब्समध्ये माझा हात त्यामानाने कमी बसलाय हेही आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट. प्रश्न लेझरचा वाटतो पण तो लेझरचा नाहीये. समुद्रात खाली जाऊन मोजायचं का, हे ठरवताना मी एकच विचारतो, जे मोजायचंय ते वर आणल्यावर बिघडतं का? बिघडत असेल तर खाली जाऊनच मोजावं लागेल, कितीही खर्च येऊ दे. बिघडत नसेल तर गुपचूप वर आणा, वाळवा, दळा, लॅबमधल्या चांगल्या यंत्राखाली ठेवा, दहापट अचूक आकडा मिळेल. लेझर कुठला, पल्स किती, स्पेक्ट्रोमीटर कुठला हे सगळं त्यानंतर.

आता या कसोटीवर नोड्यूल लावून बघा. भारताने पहिले नोड्यूल वर काढले ते 'गवेषणी' जहाजावरून, २६ जानेवारी १९८१ ला. मध्य हिंदी महासागरात आपल्याकडे आज ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, खोली पाच किलोमीटरच्या आसपास. मी हातात घेऊन बघितलाय एक, बटाट्याएवढा, काळा, बोटांना कोळशासारखी काजळी लागते, आणि दिसतो त्यापेक्षा वजनाला हलका कारण आत सगळी भोकंच भोकं. तो कित्येक वर्षं ट्रेमध्ये पडून होता आणि त्यातलं निकेल तसूभरही कमी झालेलं नव्हतं. मग पाच किलोमीटर खाली लेझर नेऊन तुम्ही नवीन काय मिळवणार?

उलट खाली मोजलंत तर फसालच. तिथल्या नोड्यूलमध्ये मँगनीज साधारण २४ टक्के, निकेल आणि तांबं प्रत्येकी १ टक्क्याच्या आसपास, कोबाल्ट त्याच्याही एक दशांश. आणि ही सरासरी झाली. नोड्यूल म्हणजे कांदा असतो, पापुद्र्यावर पापुद्रा, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर अशा गतीने वाढलेला. लिब्सचा एक पल्स काही मायक्रॉन खरवडतो. शंभर पल्स मारले तरी तुम्ही कांद्याच्या सालीतच आहात. त्यात अजून एक गंमत, नोड्यूलची वरची बाजू समुद्राच्या पाण्यातून वाढते आणि गाळात रुतलेली बाजू गाळातल्या पाण्यातून, त्यामुळे वरच्या बाजूला लोह-कोबाल्ट जास्त आणि खालच्या बाजूला मँगनीज, निकेल, तांबं जास्त. रोबोच्या लेझरला दिसते ती फक्त वरची बाजू. म्हणजे ज्या निकेलसाठी एवढा खटाटोप केला ते नेमकं कमी मोजलं जाणार, आणि प्रत्येक वेळी कमीच मोजलं जाणार, सरासरी काढून ते दुरुस्त होत नाही.

चंद्रावर हा प्रश्न नव्हता का? होता, लिब्सला तिथेही पृष्ठभागच दिसतो. पण तिथे विचारायचं होतं 'सल्फर आहे का', इथे तुम्ही विचारताय 'निकेल किती टक्के', शिवाय चंद्रावरून माती आणणं आणि तळावरून नोड्यूल आणणं यातला फरक सांगायला नकोच.

बरं, 'कोणी करत नाही' हेही तितकंसं बरोबर नाही. केलंय. पण पाण्यात लिब्स अवघड का ते आधी समजून घ्या, कारण फिजिक्सवाल्याला खरी मजा तिथे आहे. चंद्रावर हवा नाही, पल्स पडला की ठिपक्याएवढी माती वाफ होऊन तिचा प्लाझ्मा होतो, अडवणारं कोणी नसल्यामुळे तो आरामात पसरतो, आणि विरत जाताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या बारीक स्वच्छ रेषा देतं. पाण्यात तोच प्लाझ्मा चहूबाजूंनी चेपला जातो. इतका दाट होतो की रेषा फुगून एकमेकींत घुसतात, त्यावर पांढऱ्या प्रकाशाचा जाड थर बसतो, आणि बघताबघता, म्हणजे मायक्रोसेकंदभरात, सगळं विझून जातं. यावर लॅबमधला जुना उपाय म्हणजे दोन पल्स मारायचे. पहिल्या पल्सने पाण्यात बुडबुडा तयार होतो, तो फुगलेला असतानाच त्याच्या आत दुसरा पल्स मारायचा, मग दुसऱ्या प्लाझ्माला पाणी नाही तर वाफ भेटते आणि रेषा छान येतात. बादलीत हे झकास चालतं. पण दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे हजार मीटरवर शंभर वातावरण, तिथे तो बुडबुडा धड फुगतच नाही, आणि फुगला तरी लगेच मिटतो. तुमची सगळी युक्ती त्या बुडबुड्यावर होती.

यातून वाट काढली जपानमध्ये, टोकियो विद्यापीठात ब्लेअर थॉर्नटन यांच्या गटाने. त्यांनी दोन पल्सचा नाद सोडला आणि एकच पण लांब पल्स घेतला, नेहमीचा लिब्सचा पल्स पाच-दहा नॅनोसेकंदांचा असतो, यांचा दीडशे नॅनोसेकंदांच्याही पुढचा. मोठ्या दाबाखाली या लांब पल्सचे स्पेक्ट्रम लक्षात येण्याइतके चांगले मिळतात. त्यांच्या यंत्राचं नाव केमिकॅम, मंगळावरच्या क्युरिऑसिटीचं ते केमकॅम, गोंधळू नका. ३००० मीटरपर्यंत चालेल असं बनवलं, आणि ओकिनावा ट्रफमध्ये हजार मीटरच्या पुढे नेऊन समुद्राचं पाणी आणि गरम झऱ्यांजवळचे खनिज साठे दोन्ही मोजून दाखवले, २०१५ मध्ये छापलंय. म्हणजे होतं. पण त्याचा उपयोग कुठे आहे ते बघा, समोर चाळीस दगड आहेत, आरओव्हीच्या (जहाजावरून चालवायचा पाण्याखालचा रोबो) टोपलीत पाचच मावतात, यातला तांब्याचा कुठला आणि नुसता लोखंडाचा कुठला हे तिथल्या तिथे सांगणारा कोणीतरी पाहिजे. तिथे लिब्स सोन्यासारखं आहे. टक्केवारी लॅबमध्येच काढायची.

आता माझ्या कसोटीच्या दुसऱ्या बाजूला या, जे वर आणल्यावर बिघडतंच. याचं माझं आवडतं उदाहरण मिथेनचं आहे. तळाखालच्या गाळात, विशेषतः जिथे मिथेन हायड्रेट (मिथेन कोंडलेले बर्फासारखे खडे) असतात तिथे, गाळातल्या पाण्यात मिथेन विरघळलेला असतो. तो किती हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे नळी खुपसून गाळाचा गाभा काढायचा, जहाजावर आणायचा आणि मोजायचं. अशा गाभ्यांत जास्तीत जास्त १ मिलिमोलरच्या (लिटरला १ मिलिमोल) आसपास मिथेन मिळायचा. कुठेही जा, साधारण तेवढाच. आणि हाच आकडा संशयास्पद आहे, कारण एक वातावरण दाबाला पाण्यात मिथेन साधारण तेवढाच मावतो! गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी दाबली, फस्स झालं, आता उरलेल्या पाण्यात गॅस किती ते मोजून तुम्ही म्हणताय कारखान्यात एवढाच भरला होता. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एमबारी या समुद्रसंशोधन संस्थेच्या लोकांनी रामनची सळई थेट गाळात खुपसून तिथल्या तिथे मोजलं, तर आकडा गेला ३० मिलिमोलरपर्यंत. काही टक्क्यांची चूक वगैरे नाही हो ही. इतकी वर्षं जो आकडा गाळाचा म्हणून सांगितला जात होता तो खरं तर जहाजाच्या डेकवरच्या हवेच्या दाबाचा होता.

हे वाचलं त्या दिवशी मला माझं काम कशासाठी आहे ते नीट कळलं, त्याआधी मी नुसताच लेझरच्या प्रेमात होतो.

रामन म्हणजे काय ते तुम्हाला शिकवायला नको, बाकीच्यांसाठी दोन ओळी. एका रंगाचा लेझर पदार्थावर टाकला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाने विखुरतो, पण कोटीत एखादा फोटॉन रेणूला धक्का देऊन थोडी ऊर्जा गमावून परत येतो. किती गमावली ते त्या रेणूच्या बंधांवर ठरतं, म्हणून प्रत्येक रेणूची खूण वेगळी. लिब्स मूलद्रव्य सांगतं, रामन रेणू सांगतं. कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, लिब्सला दोन्ही सारखेच दिसणार. रामनमध्ये दोघांचा मोठा पीक (आलेखातला उंचवटा) एकाच जागी १०८५ ला पण कॅल्साइटचा छोटा पीक ७११ ला आणि अ‍ॅरागोनाइटचा ७०४ ला, झाली ओळख. (हे आकडे वेव्हनंबर आहेत, म्हणजे फोटॉनने किती ऊर्जा गमावली त्याचं माप, पुढेही तसेच धरा.) आणि या सगळ्याची सुरुवात समुद्रातूनच झालीये बरं का. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून अडले, तो रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब हे त्यांना पटेना, बोटीवरच निकोल प्रिझमने पृष्ठभागावरचं परावर्तन काढून टाकून बघितलं तर निळा तसाच. त्यावर 'नेचर'ला जे पत्र गेलं त्याच्याखाली पत्ता आहे मुंबई बंदराचा. त्यानंतर सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, रामन परिणाम सापडला.

खोल समुद्रात पहिला रामन स्पेक्ट्रोमीटर नेला तो एमबारीच्या पीटर ब्रूअर यांच्या गटाने, २००० च्या दशकाच्या सुरुवातीला. डोरिस नाव त्याचं, बाजारात मिळणारा लॅबचा स्पेक्ट्रोमीटर घेऊन त्याचे भाग दाब सोसणाऱ्या डब्यांत बसवले, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, आणि फायबरने जोडलेलं छोटं डोकं जे आरओव्हीचा हात पकडू शकेल.

हिरवाच का, लाल का नाही, हा प्रश्न मला प्रत्येक विद्यार्थी विचारतो, कारण लॅबमध्ये चमक (फ्लुओरेसन्स, म्हणजे लेझर पडल्यावर पदार्थ स्वतःच उजळणं) टाळायला लोक ७८५ नॅनोमीटरचा लाल लेझर वापरतात. कागदावर गणित करून बघा. ५३२ ने मारलं तर मिथेनचा २९११ चा पीक येतो ६३० नॅनोमीटरला, तिथे पाणी बऱ्यापैकी पारदर्शक आणि डिटेक्टर उत्तम. ७८५ ने मारलं तर तोच पीक जातो १०१७ नॅनोमीटरला. तिथे पाणी प्रकाश गिळतं आणि सिलिकॉनचा डिटेक्टर जवळपास आंधळा. मूळ ७८५ चा लेझरसुद्धा पाण्यातून फूटभर गेला की अर्धामुर्धा संपतो. म्हणून हिरवा. हिरव्याचा तोटा म्हणजे जीवसृष्टी चमकते, शैवालाचं क्लोरोफिल ६८० च्या आसपास, आणि नदीतून आलेला कुजका सेंद्रिय माल तर पूर्ण पट्टाभर. खोल समुद्रात हा त्रास कमी. पण मांडवीच्या मुखाशी जुलैत रामन करायला जाल तर स्पेक्ट्रममध्ये फक्त टेकडी दिसेल, आम्ही केलंय, दिवस गेला आणि हाती आली ती टेकडीच.

समुद्राचं पाणी स्वतःच एक सोय करून देतं ही मला फार आवडणारी गोष्ट. त्यात सल्फेट असतं, लिटरला साधारण २८ मिलिमोल, आणि खुल्या समुद्रात कुठेही गेलात तरी क्षारतेच्या प्रमाणात ते ठरलेलं. त्याचा पीक ९८१ ला, एकटा, टोकदार. म्हणजे तुमचं स्टँडर्ड तुमच्या भोवतीच पसरलेलं आहे. खाली गेल्यावर मी सगळ्यात आधी ९८१ बघतो, तो जागेवर असेल आणि नेहमीच्या उंचीचा असेल तर यंत्र ठीक. सरकलेला असेल तर थंडीने ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारा भाग) हललंय, कारण डेकवर ३० अंश आणि तळाला ३-४ अंश, डब्यातला धातू आकसतो, त्याला स्थिर व्हायला तासभर तरी द्यावा लागतो आणि त्या तासात घेतलेले स्पेक्ट्रम मी सरळ टाकून देतो. गाळात शिरलात की हेच सल्फेट बातमी होतं, कारण गाळातले सूक्ष्मजीव मिथेन खाताना सल्फेट वापरतात, त्यामुळे सळई जसजशी खाली जाते तसा ९८१ बुटका होत जातो, २९११ उंच होत जातो, आणि २५७२ ला बायसल्फाइडचा नवा पीक उगवतो. एकाच स्पेक्ट्रममध्ये तिन्ही. हे पहिल्यांदा लाइव्ह बघितलं तेव्हा कंट्रोल व्हॅनमध्ये रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा होतो, प्यायचं राहूनच गेलं.

हायड्रेटचं अजून मजेशीर. मिथेन हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंचे पिंजरे आणि आत कोंडलेला मिथेन. पिंजरे दोन मापांचे, मोठ्यातला मिथेन २९०५ च्या आसपास बोलतो, छोट्यातला २९१५ ला. नुसत्या पीकच्या आकारावरून समजतं की समोरचा पांढरा खडा खरंच हायड्रेट आहे, आणि मध्ये मोकळा गॅस अडकलाय का. ओरेगॉनच्या किनाऱ्यापुढच्या हायड्रेट रिजवर डोरिसने हेच केलं. तो खडा वर आणायला जा, अर्ध्या वाटेत फसफसून संपतो.

आता कागदावर न दिसणारी अडचण. लॅबमध्ये नमुना टेबलावर असतो. खाली नमुना तळावर, लेझर आरओव्हीच्या हातात, आरओव्ही प्रवाहात हेलकावे खातंय. पाणी किंवा पारदर्शक हायड्रेट असेल तर चालून जातं, फोकसचा ठिपका आत कुठेही पडला तरी सिग्नल मिळतो. पण अपारदर्शक दगड असेल तर ठिपका पृष्ठभागावर मिलिमीटरच्या दशांशात पडला पाहिजे आणि मिनिटभर तिथेच राहिला पाहिजे, आणि आरओव्हीचा हात म्हणजे जेसीबीचा लहान भाऊ. एमबारीवाल्यांना यासाठी तळावर ठेवायची एक वेगळी तिपाई बनवावी लागली, लेझरचं डोकं तिन्ही दिशांना बारीक सरकवणारी. माझ्या मते डोरिसमधलं खरं कर्तृत्व त्या तिपाईत आहे, स्पेक्ट्रोमीटर तर विकत मिळतो.

दुसरं, दिवे. आरओव्हीवर हजारो वॉटचे दिवे असतात आणि तुम्ही कोटीत एक फोटॉन शोधताय. तेव्हा दर एक्स्पोजरला "लाइट बंद" असं ओरडावं लागतं. पायलटला हे अजिबात आवडत नाही. दोन हजार मीटर खाली, गरम झऱ्याचा धुरांड्यासारखा ठिसूळ खांब फूटभर अंतरावर, आणि तुम्ही त्याला सांगताय तीस सेकंद डोळे मिट आणि हलू नकोस. पायलटशी दोस्ती ठेवा. अभ्यासक्रमात नसलेला पण सगळ्यात उपयोगी सल्ला.

तिसरं माझ्या स्वतःच्या चुकीचं. पावसाळ्याच्या तोंडावरची मोहीम होती, रात्री घाईघाईत डेकवरच हाउसिंग (यंत्राचा दाब सोसणारा डबा) उघडून एक कनेक्टर बदलला आणि बंद केलं. सिलिका जेलची पुडी टाकली पण ती आधीच ओल शोषून गुलाबी पडलेली होती, बघितलं आणि म्हटलं चालेल. पंधराशे मीटरपर्यंत सगळं छान, मग सिग्नल हळूहळू पडायला लागला. अर्ध्यावर आला. आम्ही फायबरवर संशय घेतला, लेझरच्या पॉवरवर घेतला, सॉफ्टवेअर दोनदा रीस्टार्ट केलं, चार तास घालवले. वर आणून टॉर्च मारला तर खिडकीला आतून धुकं. पाचेक लिटरच्या डब्यात पावसाळी हवा कोंडली तर तिच्यात पाणी असतं जेमतेम ग्रॅमचा दशांश, पण ४ अंशांवर त्यातलं बहुतेक सगळं बाहेर पडतं आणि जाऊन बसतं सगळ्यात थंड जागी, म्हणजे नेमकं काचेवर. तेव्हापासून कोरडा नायट्रोजन फिरवल्याशिवाय झाकण लावत नाही आणि जेलचा रंग दोघांनी बघायचा असा नियम केलाय. गंमत म्हणजे निदान स्पेक्ट्रममध्येच होतं. आमची खिडकी नीलमणी काचेची, तिचे स्वतःचे पीक ४१८ आणि ६४५ ला कायम दिसतात. पाण्याचे पीक पडत होते आणि खिडकीचे त्या मानाने बरेच कमी पडत होते, म्हणजे प्रकाश काचेपर्यंत पोचत होता पण विखुरल्यामुळे पुढे फोकस होत नव्हता. डोळ्यासमोर होतं, बघितलं नाही.

खिडकीबद्दल विषय निघालाच आहे तर तिच्यावर येणारा भार एकदा मोजा. आठ सेंटीमीटर व्यासाची काच, २००० मीटरवर, साधारण १० टन. भरलेला ट्रक म्हणा ना. ओ-रिंगवर (पाणी अडवणारं रबरी कडं) एक केस आला तरी पाणी आत यायला पुरतो.

एवढं सगळं कौतुक करून झाल्यावर हेही सांगायला हवं की रामन बऱ्याच गोष्टींना निरुपयोगी आहे. त्याला मिलिमोलरच्या पट्टीतलं दिसतं. समुद्रातला नायट्रेट मायक्रोमोलरमध्ये, विरघळलेला ऑक्सिजन दोनशे-तीनशे मायक्रोमोलर तोही वरच्या थरात, अरबी समुद्राच्या मधल्या थरात तर जवळपास शून्य. तिथे रामन नेऊ नका, त्याला स्वस्त आणि चांगले सेन्सर आहेत. काळे खनिजही नको, मँगनीजचे ऑक्साइड तर रामनमध्ये फार क्षीण, वर लेझरने तापून त्यांचंच रूप बदलतं, म्हणजे नोड्यूलला इथेही दार बंद. मायक्रोप्लास्टिकसाठी रामन उत्तम पण ते गाळून लॅबमध्ये, वाहत्या पाण्यात एकेक कण पकडणं हा वेगळाच संसार आहे. आणि 'एकच यंत्र सगळं करेल' म्हणून रामन, लिब्स आणि चमक तिन्ही एकत्र बांधायचे प्रयत्नही चालू आहेत, नासाच्या पैशातून इन्व्हेडर नावाचा प्रकल्प झाला तो याच धाटणीचा, समुद्रतळाच्या गरम झऱ्यांवर शिकायचं आणि पुढे युरोपा, एन्सेलाडससारख्या गुरू-शनीच्या चंद्रांवरच्या बर्फाखालच्या समुद्रांसाठी वापरायचं असा विचार. तिथे माझी कसोटी आपोआपच लागू होते, युरोपावरून नमुना वर आणून लॅबला देणार कोण.

तर पीएचडी. हे बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे. गाइडकडे प्रेशर चेंबर आहे का, जहाजावर जागा मिळवून देण्याइतकी त्यांची ओळख आहे का, आणि तुम्हाला बोट लागते का (हसू नका, माझ्यासोबतचा एक हुशार मुलगा तिसऱ्या मोहिमेनंतर सोडून गेला). जहाज नक्की नसेल तर समुद्रातल्या मोजमापावर प्रबंध लिहायला घेऊ नका, पाच वर्षांत एक मोहीम मिळते आणि नेमकं तेव्हाच वादळ येतं. त्याऐवजी प्रेशर चेंबरमधलं काम घ्या. दाब आणि तापमान बदललं की विरघळलेल्या मिथेनच्या पीकचं क्षेत्रफळ पाण्याच्या पट्ट्याच्या तुलनेत कसं बदलतं, खारेपणाने किती फरक पडतो, हे नीट केलेलं काम समुद्रात खाली मोजणारे सगळे वापरतात. लिब्सच करायचं मनात असेल तर दाबाखाली लांब पल्स आणि सल्फाइड खनिजं (गरम झऱ्यांजवळची, वर आली तीच) हा विषय भारतासाठी अर्थपूर्ण आहे. मध्य आणि नैऋत्य हिंदी महासागराच्या रांगांवर १०,००० चौरस किलोमीटरमध्ये सल्फाइड शोधायचा करार २०१६ मध्ये झालाय, तिथे 'चाळिसातले कुठले पाच दगड उचलू' हा प्रश्न खरोखर येणार आहे. हायड्रेट आपल्याकडे कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात २००६ च्या मोहिमेत सापडलेत. २०२१ मध्ये ४,०७७ कोटींच्या डीप ओशन मिशनला मंजुरी मिळाली, मत्स्य-६००० पाणबुडी त्यातलीच, तेव्हा खाली जायची साधनं येतायत, त्यांच्या हातात काय द्यायचं हे ठरवणारी माणसं कमी आहेत.

नोड्यूलमधलं निकेल लेझरने, हा विषय मात्र सोडा. गाइडने फारच आग्रह केला तर त्यांना वरची बाजू-खालची बाजू विचारा.

आणि निर्णय घेण्याआधी एक काम करा, खर्च फारसा नाही. कॉलेजमध्ये ५३२ चा लेझर आणि जुना स्पेक्ट्रोमीटर कुठेतरी धूळ खात पडलेला असतोच, एक चांगला लाँगपास फिल्टर (लेझरचा रंग अडवून त्यापुढचा प्रकाश सोडणारा) तेवढा विकत किंवा उसना घ्यावा लागेल, त्यात कंजूषी करू नका, फिल्टर बेकार असेल तर बाकी सगळं फुकट. लेझरचा चष्मा घाला, हे गमतीत घेऊ नका. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट टाका, समुद्राएवढं सल्फेट झालं. खोलीत अंधार करा, मोबाइलचा स्क्रीनसुद्धा बंद, आणि ५६१ नॅनोमीटरच्या आसपास ९८१ चा पीक शोधा. आधी पाण्याचा मोठा पट्टा दिसेल ६५० जवळ, तो दिसला म्हणजे जुळणी बरोबर आहे. मग एक्स्पोजर वाढवत न्या. मग कोणी मालवण-रत्नागिरीहून येणारं असेल तर बाटलीभर समुद्राचं पाणी मागवा आणि तेच करा, आधी न गाळता, मग गाळून. दोन्ही स्पेक्ट्रम इथे टाका, सोबत एक्स्पोजर आणि लेझरची पॉवर लिहा. पहिल्या बाटलीत पीक सापडला नाही तर घाबरू नका, मला पहिल्यांदा सापडायला तीन दिवस लागले होते, आणि शेवटी कळलं की दाराखालच्या फटीतून कॉरिडॉरची ट्यूबलाइट आत येत होती.